तीन हिरवे दिवे

ते विमान उतरताना मी खिडकीतून पाहत होते आणि मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण वावगं शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पंचवीस वर्षं मी प्रुफं वाचते आहे. सुटलेली मात्रा, दोनदा पडलेली ओळ, उलटं लागलेलं चित्र, असलं सगळं मला लांबून दिसतं म्हणतात. त्या संध्याकाळी चाकंच नसलेलं विमान माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की किती अलगद उतरतंय!

आमचं मोठं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. पुढे एक, मग आम्ही, मागे सात-आठ शेपट्या. वर्दळीच्या विमानतळावर संध्याकाळी चालतं तसं सगळं चाललेलं. एक उतरतं, एक उडतं, पुन्हा एक उतरतं. दोन मोठ्या विमानांच्या मधल्या फटीत हे चार आसनांचं, एका पंख्याचं खासगी विमान आलं. पांढरं, कडेने निळी रेघ. धावपट्टीवर आलं, जमिनीच्या अगदी जवळ आलं आणि तिथेच तरंगत राहिलं. टेकेचना. मला वाटलं, हलकं आहे बिचारं, वारा त्याला खाली बसू देत नाही. मग पोटाखाली ठिणग्यांची एक बारीक रेघ उमटली, पंख्याची पाती मागे मुडपली आणि ते पोटावर घसरत, जरासं तिरकं होत, बरोबर मध्यरेषेवर जाऊन थांबलं.

काचेआडून सगळं मुकं. आवाज आला तो त्याच्या मागून येणाऱ्या जेटचा. ते पार खाली आलं होतं. एकदम नाक वर करून, पोटातली चाकं दाखवत, ते आमच्या डोक्यावरून गरजत निघून गेलं. याला गो-अराउंड म्हणतात, आणि वैमानिकाच्या दृष्टीने ही अगदी सरावाची गोष्ट असते. पण त्या क्षणी ती दोन विमानं एकाच चौकटीत दिसली, एक पोटावर पडलेलं आणि एक चाकं मिटत आभाळात जाणारं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. याला चाकंच नव्हती की!

मग मी काय केलं? घड्याळ पाहिलं. मला पुढचं विमान गाठायचं होतं, मधे तासाभराचीच सवड होती. माझ्या शेजारच्या आसनावर सत्तरीपुढच्या एक काकू होत्या. त्यांना खिडकी नव्हती, काही दिसत नव्हतं. नुसत्या लोकांच्या 'अरे अरे' वरून त्यांनी ओळखलं आणि माझ्या दंडाला हात लावून विचारलं, "बाई, माणसं बाहेर आली का?"

मी पुन्हा वळून पाहिलं. पंखावरचं दार उघडलं होतं. आधी एक तरुण मुलगी उतरली, मग एक टक्कल पडलेला माणूस. मुलगी पळत गवतापर्यंत गेली. तो मात्र चार पावलं गेला आणि परत वळला, वाकून विमानाच्या पोटाखाली पाहू लागला. एव्हाना आगीच्या बंबांनी त्यांना गाठलं होतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला हे बंब तीन मिनिटांच्या आत पोचायला हवेत, आणि उद्दिष्ट दोन मिनिटांचं असतं. इथे तेवढी वेळ लागली असेल असं मला वाटलं नाही. एका बंबवाल्याने त्या माणसाला खांद्याला धरून बाजूला नेलं, तर तो मान मागे वळवून बघतच होता.

"आली," मी म्हटलं. "दोघं आहेत. चालतायत."

"मग ठीक," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. विमानात दीडशेच्या वर माणसं होती. हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या, आणि माझ्या ऐकण्यात तरी शेवटच्या.

बाकीच्यांचं वेगळंच चाललं होतं. अर्ध्या तासात इंजिनं बंद झाली, दिवे मंद झाले, आणि मागून एक आवाज आला, "अहो, ढकला की बाजूला! एवढंसं तर आहे!" त्यावर हशा पिकला. दुसरा म्हणाला, पैसेवाल्यांची हौस होते आणि आपण लटकतो. मीही मनातल्या मनात मान डोलावली, खोटं कशाला बोलू?

पण ते एवढंसं विमान ढकलता येत नाही. चाकं नसलेलं विमान म्हणजे जमिनीला चिकटलेली टन-दीड टनाची पत्र्याची पेटी, आणि तिच्या पंखांत पेट्रोल. ओढलं तर टाकी फाटायची. शिवाय ते आता नुसतं विमान राहिलेलं नसतं, पुरावा झालेलं असतं. कुठली कळ कुठे होती, कुठला दांडा वर की खाली, याचे फोटो घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. मग दोऱ्या नाही तर हवेच्या पिशव्या लावून ते उचलायचं, आणि नंतर सगळ्या धावपट्टीवरून माणसं आणि गाड्या फिरवून पत्र्याचा तुकडा न् तुकडा वेचायचा. धातूची एक पट्टीसुद्धा मोठ्या विमानाच्या टायरला पुरते. 2000 साली पॅरिसजवळ काँकॉर्ड जळून पडलं, त्यातल्या घटनांची साखळी सुरू झाली ती धावपट्टीवर पडलेल्या अशाच एका पट्टीपासून. ती त्याआधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची गळून पडलेली होती.

तासाभराने कॅप्टन कॉकपिटचं दार उघडून बाहेर आला आणि पहिल्या रांगेशी उभा राहिला. पन्नाशीचा, बाह्या दुमडलेल्या. लोकांनी त्याला घेरलंच. 'पैसेवाल्यांची हौस'वाल्या गृहस्थाने विचारलं, "चाकं विसरला ना तो?"

"चाकं बाहेर नव्हती एवढं खरं," कॅप्टन म्हणाला. "आली नाहीत की आणायची राहिली, ते तपास करणारे सांगतील."

"पण विसरतं का कुणी चाकं?"

त्यावर तो हसला नाही. म्हणाला, "आमच्याकडे एक जुनी म्हण आहे. मिटती चाकं असलेली विमानं उडवणारे वैमानिक दोनच प्रकारचे. एक, जे चाकं न काढता उतरलेत. आणि दुसरे, जे अजून उतरायचेत." मग जरा थांबून, "रेडिओवर आम्ही ऐकत होतो ना. टॉवरने त्याला सांगितलं होतं, वेग धरून ये, मागे मोठं आहे. तो म्हणाला, हो."

त्या एका 'हो'ने मला पुढे कित्येक दिवस छळलं. घरी आल्यावर मी वाचत सुटले. आमच्या धंद्यात एखादी चूक कशी झाली हे कळलं नाही तर झोप येत नाही, आणि इथे तर ती माझ्या डोळ्यांदेखत होऊन मला दिसली नव्हती.

त्या आकाराचं विमान एरवी उतरायला येतं ते साधारण 75-80 नॉट वेगाने, म्हणजे ताशी 140-150 किलोमीटरने. मोठी जेट येतात 130 ते 150 नॉटने. एकाच वाटेवर सायकल आणि एसटी चालवावी तसं. मग टॉवरमधला माणूस सायकलवाल्याला म्हणतो, जरा दामटा. त्यात त्याचं काही चुकत नाही. मागच्या दोनशे माणसांना पुन्हा एक घिरटी घालायला लावण्यापेक्षा हे सोयीचं असतं.

पण चाकं काढणं ही वैमानिकाच्या डोक्यातली सुटी गोष्ट नसते. ती वेग कमी करण्याला जोडलेली असते. ठरावीक ठिकाणी यायचं, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यायचा, वेग उतरला की चाकं. चाकांचाच अडसर होऊन वेग आणखी उतरतो. हजार वेळा हे असंच केलेलं. हाताला ते पाठ असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. आता कुणी म्हणालं, वेग कमी करू नकोस, की चाकं काढायची ती खूणच नाहीशी होते. त्यातही एक गंमत, गंमत कसली, दुर्दैव. चाकं वर असतील तर वाजणारा भोंगा बऱ्याच लहान विमानांत थ्रॉटलला जोडलेला असतो. थ्रॉटल मागे ओढला तरच तो बोंबलतो. वेग धरून आलेला माणूस थ्रॉटल ओढतो तो थेट धावपट्टीवर आल्यावर. तेव्हा भोंगा वाजतो, पण त्या क्षणी दुसराही एक भोंगा वाजणं अपेक्षित असतं, वेग संपत आल्याचा. कानाला वाटतं तोच हा. वैमानिकांमध्ये एक विनोद सांगतात. टॉवर ओरडून सांगतो, तुझी चाकं वर आहेत. हा पोटावर उतरतो. नंतर विचारलं, का रे ऐकलं नाहीस? तर म्हणे, कसं ऐकू येणार, कॉकपिटमध्ये तो भोंगा केवढ्याने वाजत होता!

आणि चेकलिस्ट असतेच. लहान विमानांचे वैमानिक उतरण्याआधी एक अक्षरमंत्र म्हणतात, गम्प्स. इंधन, चाकं, मिश्रण, प्रोपेलर, पट्टे. चाकांपाशी आलं की पॅनेलवर पाहायचं. तीन हिरवे दिवे लागलेले असले की नाकाचं एक आणि पंखांखालची दोन अशी तिन्ही चाकं खाली येऊन पक्की झाली. पाहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'तीन हिरवे'. दिवे न लागताही 'तीन हिरवे' म्हटलं गेल्याची उदाहरणं आहेत. माणूस खोटं बोलत नसतो. तोंडाने म्हटलं म्हणून डोळ्यांना दिसतं.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका मासिकाने ज्येष्ठ लेखकाच्या पंचाहत्तरीनिमित्त विशेषांक काढला होता. मुखपृष्ठावर त्यांचा हसरा फोटो आणि वर बोटभर उंचीच्या अक्षरांत 'स्मरणयात्रा'. निदान आम्हाला सगळ्यांना तसं वाटत होतं. अंक छापून आला तेव्हा तिथे 'मरणयात्रा' होतं. अर्धा 'स' गळाला होता. आतली एकशे साठ पानं मी डोळ्यांत तेल घालून वाचली होती, तळटिपांतले पूर्णविरामसुद्धा. मुखपृष्ठ हातात घेतलं तेव्हा छापखान्याचा फोन आला, मशीन थांबलंय, प्रिंट ऑर्डर द्या. मी 'हो' म्हटलं, मुखपृष्ठाकडे पाहिलं, तिथे मला 'स्मरणयात्रा' दिसलं, आणि मी सही केली. माझ्यानंतर संपादकांनी पाहिलं, चित्रकाराने पाहिलं. सगळ्यांना तेच दिसलं. लेखकाचा फोन आला तेव्हा माझे पाय कापत होते. ते म्हणाले, "अंक मिळाला. यात्रा निघाल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं." आणि मनापासून हसले. मी हसू शकले नाही. अजूनही शकत नाही.

तेव्हापासून मी मथळे उलटे वाचते, शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे. उलट वाचलं की शब्द अर्थासकट अंगावर येत नाही, निव्वळ अक्षरं उरतात.

विमानांच्या जगातला शहाणपणा बराचसा असाच, लाज वाटावी अशा प्रसंगांतून आलेला आहे. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं चार इंजिनांचं मॉडेल 299 लष्कराला दाखवायला आणलं होतं. कसलेले वैमानिक होते. विमान उडालं, नाक भलतंच वर गेलं, आणि ते कोसळलं. उभं असताना वाऱ्याने शेपटी हलू नये म्हणून लावलेलं कुलूप काढायचंच राहिलं होतं. वैमानिक मेजर प्लॉयर हिल त्यात गेले, आणि सोबतचे बोइंगचे वैमानिक लेस्ली टॉवर काही दिवसांनी. यावर उपाय काय काढावा? जास्त प्रशिक्षण नाही, जास्त हुशार माणसं नाहीत. कागदावर एक यादी. उडण्याआधी वाचायची. एवढ्या अनुभवी माणसाला यादी वाचायला लावणं तेव्हा अनेकांना अपमानाचं वाटलं असेल. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला अजून वाटतं.

तेच विमान पुढे बी-17 म्हणून महायुद्धात उतरलं, आणि आता तर मला खरंच खुर्चीत सावरून बसावं लागलं. युद्धात बी-17 चे वैमानिक विमान सुखरूप जमिनीवर टेकवायचे, आणि मग धावत असतानाच चाकं मिटून टाकायचे. जमिनीवर! एक-दोघं नव्हे. आणि त्याच काळातल्या सी-47 या वाहतूक विमानावर असं घडत नव्हतं. अल्फोन्स चॅपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे बघायला बसवलं. त्याने वैमानिकांना न बघता आधी कॉकपिट पाहिलं. बी-17 मध्ये चाकांची कळ आणि फ्लॅपची, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकवायच्या झडपांची, कळ शेजारीशेजारी, आणि दिसायला, हाताला सारख्याच. उतरल्यावर फ्लॅप मिटायचे असतात. दमलेला हात शेजारच्या कळीवर पडायचा. चॅपानिसने चाकांच्या कळीला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही हाताला कळावं, हे चाक, हा पंख. प्रकार थांबला. आजही विमानांच्या कॉकपिटमध्ये चाकांच्या दांड्याच्या टोकाला चाकाचाच आकार असतो.

हे वाचून मी उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. आम्हा प्रुफं वाचणाऱ्यांना जोड्या माहीत असतात. घ आणि ध. भ आणि म. थ आणि य. ब आणि व. कुणी कितीही हुशार असो, रात्री अकरा वाजता 'धडा'चा 'घडा' होणारच. आम्ही त्याला अक्षरं जुळवणाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणायचो आणि मोकळे व्हायचो. दोन अक्षरांची तोंडं इतकी सारखी आहेत, याचा दोष कुणी कधी अक्षरांना दिला नाही. 1947 मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या दोघांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदल्या गेलेल्या 460 प्रसंगांकडे पुन्हा पाहिलं आणि असंच दिसलं, की त्यातल्या बऱ्याच चुका या कळा कुठे आणि कशा बसवल्या आहेत त्यामुळे होत होत्या. माणूस सारखा, चूक सारखी, मग विमानच बदलून बघा की.

अर्थात सगळं यंत्रावर ढकलूनही चालत नाही. 22 मे 2020 रोजी कराचीत एअरबस ए-320 उतरायला आलं. घाईघाईत, फार उंचावरून. टॉवरने सांगितलं, उंच आहात. कॉकपिटमध्ये इशारे वाजत होते. वाटेत चाकं एकदा काढलेली होती, ती पुन्हा मिटली गेली. विमान दोन्ही इंजिनांवर धावपट्टी घासत गेलं, आणि तसंच पुन्हा वर उचललं गेलं. घासलेली इंजिनं काही मिनिटांत बंद पडली आणि ते वस्तीवर कोसळलं. आतल्या 99 पैकी 97 जण गेले, दोघे वाचले. चाकं काढायची राहणं जीवघेणं सहसा नसतं. पोटावर घसरत विमान बहुतेकदा थांबतं, माणसं चालत बाहेर येतात. जीव घेतं ते 'नाही, आता सावरतो' म्हणत पुन्हा उडणं. आमच्या समोरचा तो टकला माणूस घसरला आणि घसरतच राहिला, त्याने थ्रॉटल पुढे ढकलला नाही. नंतर माझ्या लक्षात आलं, त्याने त्या संध्याकाळी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच, आणि ती अर्ध्या सेकंदात केली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्ही घड्याळं पाहत होतो.

लहान विमानाला मोठ्या विमानतळावर येणं म्हणजे काय, याचाही मी कधी विचार केला नव्हता. मोठ्यांच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे सुटतात, दिसत नाहीत, हळूहळू खाली बसत जातात. 15 डिसेंबर 1993 ला कॅलिफोर्नियात सँटा अ‍ॅना इथे उतरायला येणारं एक छोटं जेट बोइंग 757 च्या मागे असं सापडलं आणि उलटून पडलं. आतले पाचही जण गेले. त्यानंतर 757 च्या मागे येणाऱ्यांसाठी जास्त अंतर ठरवलं गेलं. त्याच विमानतळावर फेब्रुवारी 2017 मध्ये हॅरिसन फोर्ड आपलं एका पंख्याचं विमान घेऊन आला. होय, तोच नट. त्याला धावपट्टीवर उतरायची परवानगी होती, पण तो उतरला शेजारच्या टॅक्सीवेवर, म्हणजे विमानं धावपट्टीकडे ये-जा करतात त्या वाटेवर, तोही 116 जण बसलेल्या बोइंग 737 च्या डोक्यावरून. उतरल्यावर त्याने रेडिओवर स्वतःच विचारलं, ते विमान माझ्या खाली असायला हवं होतं का? त्याचं नंतरचं म्हणणं असं, की दुसऱ्या मोठ्या विमानाच्या भोवऱ्यांकडे त्याचं लक्ष होतं. म्हणजे एक धोका टाळायला डोळे तिकडे, आणि दुसरीकडे रस्ताच चुकला. मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. मला ते खरं वाटतं. आतली एकशे साठ पानं आठवतात.

तपासणारे लोक काय करतात, तेही मला आवडलं. विमान अपघाताच्या तपासाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात लिहिलंय की तपासाचा हेतू पुन्हा तसं होऊ नये एवढाच, दोष किंवा जबाबदारी कुणाच्या माथी मारणं हा नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवलंय. आणि दुसरी एक गोष्ट. 1 डिसेंबर 1974 ला वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याआधीच डोंगरावर आदळलं, 92 जण गेले. नंतर कळलं, सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान खाली कधी यायचं याबद्दलच्या सूचनेच्या अशाच घोटाळ्यामुळे त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना. बाहेर कुणाला नाही. त्यातून 1976 मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने, टॉवरवाल्याने आपली चूक स्वतः लिहून पाठवायची, नाव गुप्त राहतं, आणि ती सगळ्यांना वाचता येते. ही पत्रं मी वाचते अधूनमधून. कोरडी असतात, पण त्यांतून घाम येतो. आमच्या पुस्तकांत मागे शुद्धिपत्र जोडायची पद्धत होती, आता ती जवळजवळ गेली. संपादक म्हणतात, उगीच लोकांचं लक्ष कशाला वेधायचं?

तर त्या संध्याकाळकडे परत येते. दोन तास उलटून गेल्यावर एक क्रेन आली. तोवर अंधार पडला होता आणि त्या विमानावर चारी बाजूंनी प्रकाशाचे झोत होते. पंखांखालून पट्टे घातले. इंच इंच करत ते वर आलं, आणि माणसाच्या कमरेइतकं उचललं गेल्यावर एक जण दारातून आत शिरला. आमच्या विमानातली कुजबुज थांबली. पोटाखालच्या झडपा उघडल्या. आधी नाकाचं चाक आलं, मग दोन्ही पंखांखालची, एकदम, विनासायास. खाली येऊन ताठ झाली. कुणीतरी लाथ मारून पाहिली. विमान त्यांच्यावर अलगद टेकवलं, आणि मुडपलेल्या पात्यांचं ते नाक थोडं वर धरून स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं.

"धडधाकट आहेत की!" कुणीतरी म्हणालं. कॅप्टन अजून पुढे उभा होता. तो वाकून खिडकीतून पाहत होता. "हं," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

एका छोट्या ट्रॅक्टरने ते विमान आमच्या शेजारून ओढत नेलं. मागे एक गाडी होती, आतला दिवा लागलेला. तिच्यात ती मुलगी आणि तो माणूस. मुलगी फोनवर बोलत होती. तो समोर, चाकांकडे बघत होता. ती नीट फिरत होती. त्याचं इंजिन आता पूर्ण खोलून तपासावं लागणार होतं, कारण फिरता पंखा जमिनीला लागला की इंजिनाच्या आतल्या दांड्यालाही हिसका बसतो. पण मला नाही वाटत, तो त्या क्षणी इंजिनाचा विचार करत होता.

पुढचं विमान मला मिळणार नव्हतं, हे आता ठरलंच होतं. आमचा नंबर लागला. धावताना दिव्यांच्या उजेडात डांबरावरचे ते पांढरे ओरखडे क्षणभर दिसले, एकमेकांना समांतर, लांबच लांब, आणि मागे गेले. विमान उचललं गेलं. पायांखाली घरघर झाली, मग 'धप्'.

काकू दचकल्या. "काय झालं?"

"काही नाही, चाकं आत घेतली."

त्यांनी जरा विचार केला. "आणि उतरताना?"

"उतरताना काढतील."

"कोण आठवण करेल?"

मी त्यांना सांगितलं, दोघं वैमानिक असतात, एक वाचतो, एक करतो, यादी असते, दिवे असतात, शिवाय यंत्र ओरडतं. हे त्या रात्री मला जेवढं ठाऊक होतं तेवढंच. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून पटल्यासारखं दिसलं नाही. थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली, मलाही. जाग आली तेव्हा खाली दिवे पसरले होते, कान दडे धरत होते, आणि काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, मान जरा कलती, कुणी दारावर थाप मारेल म्हणून वाट बघावी तशा. मीही बोलले नाही. विमान खाली, आणखी खाली येत होतं. मग पोटातून ती घरघर सुरू झाली, वारा एकदम मोठा झाला, आणि एकामागून एक असे ठोके ऐकू आले.

"आली," काकू म्हणाल्या, आणि मागे रेलून बसल्या.